दानातला ब्रश

"ह्यो डुकराच्या केसाचा. ह्यो नायलॉनचा. आन् ह्यो?" रंभाबाईंनी तिसरा ब्रश उचलला आणि कुणाला न विचारता गालावरून फिरवला.

सोलापुरात नव्या पेठेतल्या त्या दुकानात दाढीचं सामान घ्यायला बायका सहसा येत नाहीत. त्यात ही कोऱ्या कपाळाची. तेरावं व्हायच्या आत विधवेनं उंबरा ओलांडू नये, असं होटगीच्या भावकीनं परोपरीनं सांगून पाहिलं होतं. "नवरा माझा गेलाय, तुमचा न्हाय," एवढं बोलून रंभाबाईंनी पिशवी उचलली आणि सून वैजयंतीला घेऊन त्या बसमध्ये जाऊन बसल्या.

तेरावं उद्यावर आलं होतं. दानासाठी गादी आली होती, छत्री आली होती, चपला, तांब्या, धोतरजोडी, सगळं आलं होतं. गाडी अडली होती ती या ब्रशावर.

रावजी गेल्यापासून सकाळी मोरीतला आरसा स्वच्छ पुसलेला असायचा. मगातलं पाणी कोमट. वाटीत साबणाचा फेस आणि फेसात पांढरे खुंट. घरात दाढी करणारा दुसरा पुरुष म्हणजे मुलगा अभिमन्यू. तो चिंचोळीला कारखान्यात जातो आणि त्याची दाढी काळीकुळकुळीत. पहिल्या दिवशी तो वाटीकडं बघत राहिला आणि तोंड न धुताच बाहेर निघून गेला. सुतक असल्यानं त्यानं दाढीला वस्तराही लावलेला नव्हता. वैजयंती पोराला मोरीत न्यायची बंद झाली, अंगणात आंघोळ घालायला लागली. वाटी मात्र रंभाबाईच धुवायच्या. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "कशात तरी मन अडकलंय. जन्मभर काय मागत होते?"

ते तर होटगीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रावजी रेल्वेत पॉइंट्समन. दाढी घोटल्याशिवाय त्यांनी कधी झेंडी हातात धरली नाही. कुठल्याशा साहेबाच्या सामानात त्यांनी एकदा बॅजरच्या केसाचा ब्रश बघितला आणि मग आयुष्यभर त्याचं नाव घेत राहिले. घेतला कधीच नाही. "तोच दानात द्या," गुरुजी म्हणाले, "मग माघारी बघायचे नाहीत."

"हा बॅजरचा, आजी," दुकानदार श्रीशैल सांगत होता. "परदेशी जनावर. आपल्याकडं मसण्याऊद नसतो का, मसणवट्यात उकरणारा? त्याच्याच भाऊबंदातला म्हणतात."

वैजयंतीनं काउंटरवरचा हात मागं घेतला.

रंभाबाईंनी तो ब्रश पुन्हा गालाला लावला. केस ओले होते. दुकानात पाण्याचा थेंब नव्हता, ब्रश आत्ताच डबीतून निघाला होता, तरी केस ओले होते. वास ओळखीच्या साबणाचा येत होता. मग हात आपोआप निघाला. कानापासून हनुवटीपर्यंत, हनुवटीखाली गोल गोल, तिथून मान तिरकी करून दुसऱ्या कानाकडं. तो थांबवावा असं रंभाबाईंना वाटलंही नाही.

"आत्याबाई," सून हळू आवाजात म्हणाली, "ठेवा त्यो खाली. मामंजी असाच फिरवायचे."

"मला काय म्हाईत न्हाय व्हय गं? जल्मभर आरसा कोण धरून उभं ऱ्हायचं, तू?"

"न्हाय वो. पर मला लई भ्या वाटतंय."

"कशाचं भ्या? जितेपणी तुला कधी वाकडं बोलले का?"

"बोलायचेच न्हाईत की. आता मोरीत खाकरत्यात."

श्रीशैलला हसावं की काय करावं ते कळेना. त्यानं उगाच काच पुसली. रंभाबाईंच्या गालावर ओलसर पट्टा चमकत होता. तो त्यांनी पुसला नाही.

"ह्योच घ्या, आत्याबाई. पाया पडते तुमच्या," वैजयंती म्हणाली. "उद्या एकदा दान झालं की सुटले म्हणायचं. न्हायतर मी पोराला घेऊन म्हायेराला जाते, मग मला बोल लावू नका."

रंभाबाईंनी सुनेकडं नीट बघितलं. पोरीच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. खोटं बोलत नव्हती.

"बरं," त्या म्हणाल्या. "बांध रं ह्यो. तू जा गं, रिक्षा बघ. माझ्यानं चालणं व्हायचं न्हाय आता."

वैजयंतीचा चेहरा एकदम सैल पडला. ती जवळजवळ पळतच बाहेर गेली. काचेपलीकडं रिक्षेला हात करताना दिसली, तशा रंभाबाई काउंटरवर वाकल्या. श्रीशैल ब्रश डबीत घालत होता. त्यांनी त्याचं मनगट धरलं. त्यांचा हात गार होता, बर्फासारखा.

"त्यो काढ भाईर. तुझ्या कपाटात ठीव. तुझ्याकडं सगळ्यात टुकार ब्रश कुठला हाय? केस गळणारा?"

"हा नायलॉनचा. पण आजी, दोन दिवसांत टक्कल पडतं याला."

"पडू दे. त्यो घाल त्या डबीत. डबी तीच ठीव, सुनेला कळाय नगं."

श्रीशैलनं ब्रश बदलला, पण डबी हातातून सोडेना. दानाचं सामान होतं. मेलेल्या माणसाला पोचायचं होतं.

"आजी, वाईट वाटून घेऊ नका, पण असला ब्रश दिला तर आजोबांना आवडंल का?"

"न्हाय आवडायचा," रंभाबाई म्हणाल्या आणि डबी पिशवीत घालून पदर डोक्यावर सारखा केला. "भांडायला येतील की."