बारानंतरचे सहा तास

पगाराची चिठ्ठी टेबलावर ठेवून कौसल्याबाई सरळ खुर्चीत बसल्या. दवाखान्याच्या ऑफिसात आयांनी उभ्यानेच बोलायची पद्धत होती. पण रात्रभर बाळंतखोलीत उभ्या राहिलेल्या बाईने सकाळीही उभंच का राहावं?

"पंधरा ऑगस्टचे डबल पैसे नाही लागले, ऋषिकेशभाऊ."

ऋषिकेशने कॉम्प्युटरात पाहिलं. "मावशी, तुमची ड्युटी चौदाच्या रात्री दहाले लागली. ज्या तारखेले लागली, त्या तारखेची हजेरी. चौदाले कुठं सुट्टी होती?"

"बारा वाजल्यावर पंधरा लागली ना? सकाळी सहापर्यंत इथंच होतो आम्ही."

"नियम आहे मावशी. मी नाही केला."

पोरगा वाईट नव्हता. नियमाच्या आड बसणं सोयीचं असतं, एवढंच.

"बरं," कौसल्याबाई म्हणाल्या, "लेकरांच्या जन्माचे कागद तुमच्याच टेबलावरून जातात ना? त्या रात्री दीड वाजता आमच्या हातावर एक पोरगी झाली. तिची तारीख काय लिहिली?"

"पंधरा."

"काहून? तिची माय तर चौदालेच भरती झाली होती."

ऋषिकेशला हसू आलं, पण बाई हसत नव्हत्या. बावीस वर्षांत त्या ऑफिसात असं कधी बोलल्या नव्हत्या. आज स्वतःचाच आवाज त्यांना आवडला.

ऋषिकेशने इकडेतिकडे पाहिलं. "तुमचे सहा तास बसवून देतो मी. बाहेर कोणाले सांगू नका."

तेवढ्या पैशात नातीचे शाळेचे बूट आले असते. कौसल्याबाईंनी मान हलवली.

"एकटीचे नको. नऊ जणी होतो."

"नऊ जणींचं साहेबांले विचारावं लागते."

"मंग विचारा. आम्ही बसून राहिलो."

"आम्ही?"

कौसल्याबाईंनी उठून दार उघडलं. बाहेर आठ जणी बसल्या होत्या, मांडीवर डब्याच्या पिशव्या घेऊन. ड्युटी सुटून चार तास झाले होते, पण एकही घरी गेली नव्हती.

ऋषिकेशने दाराबाहेर पाहिलं आणि कोरा कागद ओढला. "अर्ज मीच लिहितो. त्या पोरीची तारीखही टाकतो, मंग पाहू साहेब नाही कसे म्हणतात. नावं सांगा मावशी."

"मी काहून सांगू? त्याईले तोंड आहे." त्या बाहेर वळल्या. "या वं! एकेक जण. पुरं नाव सांगा, आडनावासकट."

महिनाभरापूर्वीच कायम झालेली गोपिका आधी पुढे आली. एरवी तिला इथे कोणी पुऱ्या नावाने हाक मारत नसे. तिने घसा खाकरला.

"गोपिका सुखदेव ठवरे," ती इतक्या मोठ्याने म्हणाली, की पलीकडच्या टेबलावरच्यांनीही माना वर केल्या. ऋषिकेशचं लिहून होईपर्यंत ती थांबली. मग कागदावर बोट ठेवून म्हणाली, "रात्रपाळी. पंधरा ऑगस्ट."