मोठ्यात मोठा आकडा

यंत्रांच्या आपसातल्या संवादाच्या नव्या नियमांत, म्हणजे प्रोटोकॉलमध्ये, एकमेकांना पाठवायच्या आकड्याला मर्यादाच नव्हती, आणि फार मोठा आकडा आला की त्या नियमांवरून यंत्रांसाठी कोड बनवणारा फराहचा प्रोग्राम, तिचा कंपायलर, कोलमडायचा. महिनोन् महिने खपून आज तिने तो सुधारला. पण दहिवलीच्या घरात हे सांगायला कुणीच नव्हतं. अब्बा गेल्यावर भांडून थोरला भाऊ झैद खालापूरला राहायला गेला, तेव्हापासून बोलणं बंद होतं. तिने त्यालाच फोन लावला.

"भाई, मोठ्यात मोठा आकडा सांग. तपासून बघायचाय."

झैद म्हणाला, "आधी तू सांग गं."

फराहला रडू आणि हसू एकदमच आलं. लहानपणी ओट्यावर खेळताना तो असंच म्हणायचा आणि तिच्या आकड्यात एक मिळवून जिंकायचा. हरणार हे ठाऊक असूनही ती दर वेळी आधी सांगायची.