आसन

कलाबाईने मांडी घातली नाही. साड्यांच्या कारखान्यातल्या सगळ्या बायका सतरंजीवर खाली बसल्या तरी ती आपल्या टेबलाला धरून उभीच राहिली. गुडघा तेवढा वाकतच नव्हता, तर मांडी घालणार कशी?

ध्यान शिकवायला आलेल्या कृपाबेन तरुण होत्या आणि चांगल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. मांडी जमत नसेल तर वज्रासन करा, तेही जमत नसेल तर खुर्चीवर बसा, असं त्यांनी समजावलं. "जे आसनमां शरीरने आराम मळे, ए ज साचुं आसन," त्या गुजरातीत म्हणाल्या, म्हणजे शरीराला आराम मिळेल तेच खरं आसन, आणि ज्यांना खुर्ची हवी त्यांनी हात वर करा, असं सांगितलं. सतरंजीवरचे जवळजवळ सगळे हात वर गेले.

कृपाबेन चमकल्या. सोबतच्या मुलाने कॅमेरा खाली घेतला. दिल्लीच्या कुठल्याशा मोठ्या गिऱ्हाइकाला दाखवायचं होतं की शेठ कामगारांच्या मनाचीसुद्धा काळजी घेतात. त्यात बायका कण्हताना दिसून चालणार नव्हतं. शेठनी सुपरवायझर भाईदासकडे नुसतं बघितलं. भाईदासने एक फोन केला, आणि चहा होईतो मंडपवाल्याचा टेम्पो खाली येऊन उभा राहिला. लाल प्लास्टिकच्या खुर्च्या धडाधड जिना चढून वर आल्या.

त्या खुर्च्या येताना बघून कलाबाईचं डोकं भडकलं. साडीला घडी घालायची, आत पुठ्ठा सारायचा, पिशवीत भरायची. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हे सगळं उभ्याने. तिच्या पोटऱ्यांवरच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. शेजारच्या टेबलावरच्या मंदाचे पाय तर संध्याकाळी चपलेत मावत नसत. टेबलाजवळ दोन-चार स्टुलं ठेवा, आळीपाळीने टेकू, एवढंच त्यांचं मागणं. दिवाळी गेली, होळी गेली, पुन्हा दिवाळी आली. दर वेळी भाईदास सांगायचा, बसलं की हात मंदावतात, आणि शिवाय इथे जागा कुठे आहे? भाईदास शिरपूरकडचा, म्हणजे त्यांच्याच गावाकडचा माणूस. त्याने तरी समजून घ्यायला हवं होतं. त्याची स्वतःची खुर्ची कोपऱ्यात पंख्याखाली होती, तिला बरी जागा सापडली होती.

आज जागाही झाली आणि खुर्च्याही आल्या, त्याही एका फोनवर. इतकं सोपं होतं तर.

कलाबाई खुर्चीवर बसली. कृपाबेननी तिची पाठ सरळ केली, दोन्ही पायांचे तळवे जमिनीला टेकवले, हात मांडीवर ठेवायला लावले. डोळे मिटा, श्वासाकडे बघा, आणि मन शांत झाल्याशिवाय आसन सोडू नका, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं. कलाबाईने डोळे मिटले. पायातली कळ हळूहळू खाली उतरत गेली. कारखान्याच्या छपराखाली, कामाच्या वेळी, ती पहिल्यांदाच बसली होती. इतकं बरं वाटलं की तिला रडू यायला लागलं, आणि रडू येतंय याचाच पुन्हा संताप आला.

कॅमेरा फिरला, टाळ्या झाल्या. शेठ कृपाबेनना आणि कॅमेरावाल्या मुलाला घेऊन खाली निघून गेले. मंडपवाल्याचा माणूस वर येऊन रिकाम्या खुर्च्या एकात एक घालू लागला. बायका आपापल्या टेबलांकडे वळल्या, त्यांना सवयच होती. कलाबाई तशीच बसून होती, डोळे मिटून.

"ऊठ कलाबाई," भाईदास जवळ येऊन म्हणाला. "व्हयनं ध्यान. खाले टेम्पो उभा शे."

ती हलली नाही. त्याने आवाज खाली आणला. शेठ पुन्हा वर येतील, बघतील. इथे गोडादऱ्याच्या वस्तीत काम मागणाऱ्या बायका काही कमी नाहीत. गावची म्हणून सांगतोय, उगाच हातचं काम घालवून बसशील.

कलाबाईला हे सगळं ठाऊक होतं. घरात तिच्या एकटीच्या कामावर चूल पेटत होती, आणि हा माणूस एका शब्दात ती विझवू शकत होता. तरी पोटात भीतीपेक्षा मोठा जाळ उठला होता. तिने डोळे उघडले आणि सरळ त्याच्याकडे बघितलं.

"त्या बाईनीच सांगं ना भाऊ, मन शांत व्हयना बिगर उठू नका. मन्हं मन आजून शांत व्हयनं नही."

भाईदासने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. ओढणार होता की नुसताच टेकला होता, त्यालाही बहुधा ठरवता येत नव्हतं. मंडपवाल्याचा माणूस खुर्च्यांची चळत धरून, हे काय चाललंय ते बघत उभा राहिला. टेबलांवर साड्या उघड्या पडल्या होत्या आणि एकही हात त्यांना लागत नव्हता.

कलाबाईने पुन्हा डोळे मिटले. पाठ सरळ केली, तळवे जमिनीला नीट टेकवले, शिकवलं होतं अगदी तसे.

मग चळतीतली एक खुर्ची ओढल्याचा आवाज आला. फरशीवरून खरवडत ती कलाबाईच्या शेजारी येऊन थांबली, बांगड्या वाजल्या आणि त्या खुर्चीवर कुणीतरी जडपणे बसलं. कोण ते बघायला कलाबाईने डोळे उघडले नाहीत.