पाच सह्यांची पाटी

"सह्या पाच शेतस, पण अक्षर चुकेल शे," सत्तारचाचा म्हणाले आणि त्यांनी मसुद्याचा कागद ऐरणीवर ठेवला.

मेघा उभीच होती. जुन्या धुळ्यातल्या त्या अरुंद गाळ्यात पितळेचा पत्रा घासूनपुसून तयार होता. त्यावर फक्त दोन ओळी कोरायच्या होत्या. वर महाराष्ट्र शासन, खाली व्यापार व गुंतवणूक कार्यालय. राज्य सरकार जर्मनीत आपलं कार्यालय उघडत होतं आणि तिथे लागणाऱ्या वस्तू एकेका जिल्ह्यातून न्यायच्या, असं वरून ठरलं होतं. जळगावकडून केळीच्या धाग्याचे पडदे आणि धुळ्याकडून दारावरची पाटी. आठ दिवसांत पाटी मुंबईला पोचायला हवी होती. तिची जबाबदारी उद्योग विभागातल्या मेघाकडे होती.

"कुठलं अक्षर?" तिने विचारलं.

चाचांनी दुसऱ्या ओळीखाली काळवंडलेलं नख टेकवलं. "हाई शेपूट. उलटं वळेल शे."

मेघाला काही चुकीचं दिसेना. चाचांनी फळीवरून जुन्या ट्रेसिंग पेपरांची गुंडाळी काढली. पंचेचाळीस वर्षांत कोरलेल्या पाट्यांचे नमुने त्यांनी जपून ठेवले होते. त्यातला निवडणूक कार्यालयाचा नमुना त्यांनी मसुद्याशेजारी ठेवला. दोन्हीकडच्या शब्दांची शेवटची दोन अक्षरं तीच होती. फक्त उकार वेगळा होता. मसुद्यात 'गुंतवणुक' छापलं होतं.

मेघाने मसुदा उचलून तो शब्द पुन्हा वाचला. देवपूरच्या कॉलेजात ती मराठी घेऊन एम.ए. झाली होती. म्हणूनच तर मसुदा तपासायला तिच्याकडे आला होता. पाचांतली पहिली सही तिची होती. बाकीच्या चौघांनी तिची सही बघून आपापली ठोकली होती.

तिने बाहेर येऊन विभागातल्या आपल्या वरिष्ठांना, ज्ञानेश्वर साहेबांना, फोन लावला.

"उकार ना? एवढंच?" साहेब म्हणाले. "तिकडे मराठी वाचणार कोण? आहे तसं कोरून घ्या."

"पण साहेब, चूक आहे ती."

साहेबांचा आवाज खाली आला. "नवा मसुदा मागवला की पहिला प्रश्न येईल, तपासला कोणी? आणि मेघाताई, यादीवर अजून सही झालेली नाही."

यादी म्हणजे त्या कार्यालयात दोन वर्षांसाठी पाठवायच्या माणसांची. त्यात मेघाचं नाव होतं. दीड वर्ष ती पहाटे उठून जर्मन शिकत होती. आईने शेजारपाजारी अर्धवट सांगूनही टाकलं होतं.

ती आत आली. "साहेब म्हणतात, आहे तसंच कोरा."

"मग दुसराकडून करी ल्या," चाचा शांतपणे म्हणाले. "कागद फाडता येस. पितळ फाडता येत नही." त्यांनी पत्र्यावर फडकं टाकलं आणि दुसरं काम पुढ्यात ओढलं.

मेघा स्टुलावर बसली. बाहेर ऑफिसच्या गाडीचा ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला. शेवटी तिने पर्समधून कोरा कागद काढला आणि मांडीवर ठेवून लिहिलं : 'सदर मसुदा मी तपासला होता. चूक माझ्या नजरेतून सुटली. मराठीचे जाणकार कारागीर श्री. सत्तार यांनी ती दाखवून दिली. दुरुस्त मसुद्यास मान्यता मिळावी.' खाली सही केली, फोटो काढला आणि परत वाचून न बघता साहेबांना पाठवून दिला.

चाचांनी समोरच्या टपरीवरून चहा मागवला.

"मराठी कोणी शिकवलं तुम्हाला?" तिने विचारलं.

ते नुसते हसले आणि छिन्नीला धार लावत बसले.

मान्यता चार दिवसांनी आली. दोन रात्री आणि दोन दिवसांत पाटी कोरून झाली आणि वेळेत मुंबईला गेली. पुढच्या महिन्यात यादी आली. मेघाच्या जागी नाशिकच्या एका अधिकाऱ्याचं नाव होतं. कारण कोणी सांगितलं नाही, मेघानेही विचारलं नाही. काही दिवस साहेब तिच्या टेबलावरच्या फायली शिपायाकरवी मागवत राहिले, मग तेही पूर्ववत झालं. आईने शेजाऱ्यांना सांगितलं, इतक्या लांब आम्हीच पाठवलं नाही.

तीन महिन्यांनी जर्मनीचं तिकीट आणि तिथल्या नव्या कार्यालयाचा शिक्का असलेलं एक पाकीट ऑफिसच्या टपालात आलं. त्यावर देवनागरीत लिहिलं होतं : श्री. सत्तार, पाटी कोरणारे, धुळे. शिपाई नेऊन देतो म्हणाला, पण मेघा स्वतः निघाली. पाटीसाठी तिने काय गमावलं, हे चाचांना ठाऊक नव्हतं आणि तिला ते सांगायचंही नव्हतं. पत्र वाचताना त्यांचा चेहरा कसा होतो, एवढं मात्र तिला बघायचं होतं.

चाचांनी हात पुसले, चष्मा लावला आणि पाकीट जपून फोडलं. निळ्या शाईत हाताने लिहिलेलं एक पान होतं. ते त्यांनी उजेडात धरलं. वरपासून खालपर्यंत सावकाश पाहिलं. मग पुन्हा वरून सुरुवात केली, एकेका ओळीखालून बोट फिरवत. पान उलटून त्यांनी मागची बाजूही पाहिली.

"काय म्हणतात, चाचा?"

"अक्षर चांगलं शे," चाचा म्हणाले आणि पत्र त्यांनी तिच्यापुढे धरलं. "आते वाची दाखाड, बेटी. माले वाचता येत नही."