साकवाची गोल खुंटी

ओढ्यावरच्या लाकडी साकवाच्या उरलेल्या अर्ध्या पुलाचं कौलारू छप्पर उतरवून जयराम मेस्त्रीने तुळईतली सैल लाकडी खुंटी उपसली. ती गोल होती. त्याचे वडील आठ पैलूंच्या खुंट्या करायचे, वर्षभर चुलीवरच्या माळ्यावर वाळवून. गोल खुंट्या जयरामने केल्या होत्या, वडलांचा डोळा चुकवून, ओल्याच लाकडाच्या.

अर्धा साकव कोसळून दोन बाया वाहून गेल्या, तेव्हा म्हाताऱ्याने वहाळात उतरून गोल खुंट्या वेचल्या आणि चुलीत घातल्या. स्वतःचं पाप जाळतोय म्हणून गाव त्याच्या तोंडावर थुंकलं. म्हाताऱ्याने तोंड पुसलं, आणि वर्षाच्या आत तो गेला.

"काय गावलं रे?" काठावरून सरपंचांनी विचारलं.

"खुंटी."

"बापाचं पाप लेकानं निस्तरलं, बरं झालं."

जयरामने खुंटी मुठीत घट्ट आवळली.

"होय," तो म्हणाला.