एका पातेल्यातली मॅकरोनी

परीक्षक बाई आता दोनच टेबलं लांब होत्या, आणि मालन पदराने टेबल पुन्हा पुसत होती.

तिच्या टेबलावर पातेलं होतं. त्यापुढे पुठ्ठ्यावर लाल स्केचपेनने लिहिलं होतं, 'क्रीमी मॅकरोनी, भाज्यांसह, एकाच पातेल्यात'. मटार, गाजर, फरसबी सगळं सायीत न्हाऊन निघालं होतं, वरून मिरपूड भुरभुरली होती. मासिकात फोटो होता, अगदी तसंच दिसत होतं. भानगड एवढीच होती, की त्यात मॅकरोनी नव्हती.

इंदिरानगरच्या महिला मंडळाने परदेशी पदार्थांची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा सेक्रेटरी मंगलाबाई मालनकडे बघून म्हणाल्या होत्या, की ही स्पर्धा काही सगळ्यांना झेपणारी नाही. मालन सटाण्याची. लग्न होऊन कॉलनीत आल्याला दोन वर्षं झाली, तरी तिने तोंड उघडलं की तिच्या बोलीला बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. त्या दिवशी तिला असा काही झटका आला, की तिने सगळ्यांच्या आधी नाव दिलं. पदार्थ मासिकातून निवडला. एकाच पातेल्यात होतो म्हणून निवडला, कारण घरात मोठं पातेलं एकच होतं.

नाव देऊन झाल्यावर तिने मॅकरोनी शोधायला घेतली. साल त्र्याऐंशी. मेन रोडचा दुकानदार म्हणाला, त्यापेक्षा शेवया घ्या. पंचवटीतल्या वाण्याने, ते खायचं असतं की लावायचं, असं विचारलं. नवरा जयराम ऑफिसच्या कामाला मुंबईला गेला, आणि तिथून मोठ्या ऐटीत छत्री घेऊन आला. मॅकरोनीची चिठ्ठी म्हणे दुसऱ्या शर्टाच्या खिशात राहिली. मालन त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिचं लक्ष फळीवरच्या डब्याकडे गेलं.

डब्यात आईने दिलेले सरगुंडे होते. उन्हाळ्यात बायका ओट्यावर बसून बारीक काडीवर कणीक गुंडाळतात, अलगद ओढून नळी काढतात आणि वाळवतात, ते. एरवी दुधात शिजवून खायचे. मालनने एक सरगुंडा फोटोशेजारी धरला. मग दार लावून घेतलं आणि सगळ्यांचे फोटोतल्या मापाने तुकडे केले. चार दिवस साय जमवली. कांदा लोण्यात परतला, त्यावर भाज्या, दूध, सरगुंडे, साय, सगळं एका पातेल्यात रटरटलं. जयरामने पहिला घास खाऊन विचारलं, खिरीत मटार चुकून पडलेत का? तिने त्याच्या हातातून ताटली काढून घेतली.

तरीही ती खुशीत होती. नाशकात कुणाच्या बापाने मॅकरोनी पाहिली आहे, असा तिचा हिशेब होता. तो काल संध्याकाळी कोलमडला. परीक्षक म्हणून गंगापूर रोडच्या मिसेस मेढेकर येणार होत्या. कापलेले केस, काळा चष्मा, बोलण्यात मराठी शब्द चवीपुरते. आणि नवऱ्याबरोबर दोन वर्षं इटलीत राहून आलेल्या. ज्या बाईने मॅकरोनीच्या माहेरी जाऊन मॅकरोनी खाल्ली, तिच्यापुढे मालन सरगुंडे ठेवणार होती.

मिसेस मेढेकर आल्या. मागोमाग वही घेऊन मंगलाबाई आल्या. बाईंनी एक चमचा तोंडात घातला आणि थांबल्या. दुसरा चमचा घेतला, एक नळी जिभेवर घोळवली. कपाळावर आठी उमटली. मालनला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. आता ही बाई सगळ्यांदेखत सांगणार, आणि उद्यापासून आपण कॉलनीभर सरगुंडेवाली.

मंगलाबाईंनाही काहीतरी वास लागला होता. त्यांनी मॅकरोनीचं पाकीट दाखवायला सांगितलं. मालन म्हणाली, फेकलं. कंपनी कुठली होती? मालन म्हणाली, आठवत नाही. मंगलाबाई गोड हसल्या आणि तिच्या नावावर काट मारायला त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"याला पाकीट नसतंच," मिसेस मेढेकर म्हणाल्या. "ही हॅंडमेड मॅकरोनी आहे. इटलीतसुद्धा आता फक्त खेड्यात मिळते."

मंगलाबाईंनी टोपण परत लावलं. पहिला नंबर मालनचा आला. बायकांनी पातेल्याभोवती गर्दी केली, चमचा चमचा चाखून पाहिलं, आणि परदेशी चव कशी लगेच कळते यावर सगळ्यांचं एकमत झालं. मालनला मात्र आनंद होईना. तिला त्या बाईंची दयाच आली. बिचारी दोन वर्षं इटलीत राहिली आणि सरगुंड्याला फसली. आपण एका भल्या बाईला फसवलं, हे तिच्या मनाला डाचायला लागलं. खरं काय ते सांगून टाकायचं, बक्षीस गेलं तर गेलं, असं तिने ठरवलं.

हॉल रिकामा झाला. मालन पातेलं पिशवीत घालत होती, तेवढ्यात मिसेस मेढेकर एकट्याच परत आल्या. मालनने धीर करून तोंड उघडलं, मॅडम, ती मॅकरोनी म्हणजे, एवढंच म्हणाली. बाईंनी तिला हातानेच थांबवलं. दाराकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं. मग काळा चष्मा काढून तिच्या कानाशी वाकल्या आणि चक्क सटाण्याच्या बोलीत कुजबुजल्या,

"घरमा आजून सरगुंडा शेतस का वं? दूधगूळमा खाऊत."