पांढरी पानं

गच्चीवर घमेल्यात पानं जळत होती. गुबगुबीत, पाणी भरलेली. लवकर पेट घेईनात. भालचंद्ररावांनी आणखी दोन कागद टाकले. तेवढ्यात त्यांची बायको तारा वाळवण काढायला वर आली आणि लेकीच्या कुंडीपाशी थबकली.

“हे काय करून राह्यले तुम्ही?”

झाडाला रोग होता, त्यांनी सांगितलं. गुडघ्यांमुळं एरवी ते गच्चीवर येत नसत. पाणी घालायचं काम पोरीनं सोपवलं म्हणून आज चढले, तर अर्ध्या पानांवर पांढरे पट्टे. बियाण्याच्या कंपनीत तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. भेंडीवर केवडा रोग दिसला की झाड उपटायचं आणि प्लॉटबाहेर नेऊन जाळायचं, त्यात दयामाया नाही. हिरव्या फांद्या तेवढ्या त्यांनी राखल्या होत्या. झाड वाचवलं म्हणून शाबासकीच मिळायला हवी, असा त्यांचा चेहरा होता.

“अहो, रोग न्हाई तो. त्याची जातच तशी आहे,” तारा हळूच म्हणाली. “यशूनं मुद्दाम हुडकून मागवलं होतं. माझ्यासारखंच आहे म्हणली.”

यशश्रीच्या हातांवर कोड होतं. दोन वर्षं ती कुणाच्या लग्नाला गेली नव्हती. परवा मात्र स्वतःहून मावसबहिणीच्या लग्नाला मंठ्याला गेली, आणि आता तासाभरात परत यायची होती. भालचंद्ररावांनी हातानंच घमेल्यात चाचपलं. बोटं भाजली, पण एक पान धड हाती लागलं नाही. नवीन जालन्यातल्या दोन नर्सऱ्यांना फोन लावून झाले. असलं झाड कुणाकडंच नव्हतं. मग ते कुंडीशेजारीच बसून राहिले.

खाली ऑटो थांबला. यशश्री थेट गच्चीवरच आली. अर्ध्या बाह्यांचा ड्रेस, कोपरापर्यंत मेंदी. पांढऱ्या डागांवर तर जास्तच रंगलेली. पोर इतकी खुललेली त्यांनी कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. मेंदी दाखवायला तिनं हात पुढं केला, आणि तिची नजर कुंडीवर गेली. मग घमेल्यावर.

त्यांनी सगळं कबूल केलं. चुकलो बेटा, रोग वाटला, उद्याच्या उद्या दुसरं मागवू, कुठूनही मागवू.

“असू द्या, पप्पा,” ती म्हणाली. “बघणाऱ्याला तसंच वाटतंय.”

तिनं गळ्यातली ओढणी काढली, मेंदीभरल्या दोन्ही हातांवर नीट पसरली आणि जिना उतरली.